दोन रात्रींचा दाब

ता. १ जुलै, मंगळवार

धाकटे,

लाज वाटते का गं काही? सहा वर्षांत एक ओळ नाही, बाप आहे की गेला याची चौकशी नाही, आणि आता एकदम त्याला वर बोलावून घेतेस? त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला? तो डोंगर आहे की तुझ्या घराची गच्ची? तुझं ते विश्रामघर बत्तीसशे मीटरवर आहे असं बाबांच्या कागदावर लिहिलंय. मला मीटर कळत नाहीत. पण आमच्या इमारतीचे चार मजले चढताना बाबा तिसऱ्यावर कठड्याला धरून उभे राहतात आणि लोकांच्या कुंड्या बघतोय असं दाखवतात, ते मला कळतं.

मला पत्ता लागला तो कसा ते ऐक. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "तुमचे वडील जिन्यात काय शोधतात हो?" मी म्हटलं, "शोधतील कशाला?" तर म्हणाल्या, "तुम्ही कामाला गेलात की पाठीला पिशवी लावून वर-खाली, वर-खाली. परवा नऊ खेपा झाल्या. विचारलं तर म्हणाले, लिफ्टचा आवाज तपासतोय."

जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि म्हातारपणी जिने चढायचं खूळ!

मी दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी आले. बाबा न्हाव्याकडे गेले होते. पिशवी उघडली. आत मिठाचे सहा पुडे आणि माझी ऐरण. ज्या लोखंडी ऐरणीवर मी बूट ठोकते ती. दोन महिने दुकानभर शोधत होते मी ती, मालकांशी भांडले, झाडणाऱ्या बाईवर आळ घेतला. ती आमच्याच घरात, बापाच्या पाठीवर रोज नऊ वेळा फिरून येत होती.

गादीखाली नकाशा सापडला. त्यावर लाल पेन्सिलीने वाट आणि बरोबर एक यादी. तू वाच, तुलाही घाम फुटेल. "पहिला दिवस, बसने शेवटच्या थांब्यापर्यंत, तिथून नऊशे मीटर चढ, खालच्या विश्रामघरात मुक्काम. दुसरा दिवस, पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत बर्फाचा पट्टा ओलांडायचा. दुपारी बारानंतर उघड्यावर थांबायचं नाही, विजेचं भय. बुटाखाली बांधायचे दाते भाड्याने मिळतात. काठ्या दोन. लोकरी टोपी (ताईची निळी)." माझी निळी! तीही हळूच ढापणार होते.

आणि डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय ते तुला कुठून ठाऊक असणार. हृदयाची झडप नीट मिटत नाही. सप्टेंबरात ऑपरेशन आहे. तोवर जड उचलायचं नाही, चढ चढायचा नाही, "दोन जिने झाले तरी मध्ये बसा" असं माझ्यासमोर बजावलंय. तेव्हा बाबांनी कशी मान डोलावली! मला वाटलं, म्हातारा शहाणा झाला.

तेव्हा तुला सरळ सांगते. तू बोलावलंस, तूच नको म्हण. माझं ते ऐकत नाहीत.

तुझा नवरा गेला तेव्हा मी तुला जे लिहिलं ते लिहिलं. मस्ती नडली असं लिहिलं. हो, लिहिलं. एवढा गाइड म्हणवणारा माणूस, शंभर वेळा चढलेल्या वाटेवरून पडतो म्हणजे दुसरं काय म्हणायचं? त्याच्या बुटांना नवे सोल मी लावून दिले होते, ते काम चोख होतं, त्याबद्दल मला कोणी काही विचारायचं कारण नाही. पण माझ्यावरचा राग बाबांवर कशाला? आई गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. मी चौथीतून शाळा सोडली ती तुला सांभाळायला. तुझ्यासारखं अक्षर नाही माझं, तरी बसून लिहितेय.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरचं टपाल बाबा फोडतात.

ताई


ता. १० जुलै, गुरुवार

धाकटे,

तुझं पत्र आज मिळालं. मोजून चार ओळी. सोल चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यावर कागद ठेवून वाचल्या, मग मालकांना म्हटलं, जरा मोठ्याने वाचून दाखवा, माझं काहीतरी चुकत असेल. त्यांनीही तेच वाचलं.

"मी कोणाला बोलावलेलं नाही. बाबा येणार हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्यांना सांग, माझ्या दारात उभे राहू नका. का, ते त्यांना ठाऊक आहे."

मालकांनी चष्मा काढला आणि आपल्या कामाला लागले. मी तशीच उभी. हातातला बूट उलटा धरलाय हेसुद्धा मला गिऱ्हाइकाने सांगितलं.

अगं, मला वाटत होतं तू माझ्यावर रुसलीयेस. सहा वर्षं मी तेच धरून चालले. मनात तुला शिव्या घालायची, की बहिणीवर राग आहे तर बहिणीशी भांड, म्हाताऱ्याला का टाकतेस. आणि तू म्हणतेस राग बाबांवर आहे? बाबांवर? ज्यांनी तुझी पहिली काठी स्वतः घासून दिली त्यांच्यावर?

घरी जाऊन तडक विचारलं. बाबा शेंगा सोलत बसले होते.

"बाबा, धाकटीचं तुम्ही काय वाकडं केलंय?"

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते. पत्र आलंय."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा सोलायला लागले. "बरं लिहिते का? प्रकृती वगैरे?"

"चार ओळीत प्रकृती मावत नाही. दारात उभे राहू नका म्हणते."

"मग दाराबाहेर बसेन. तिथे बाक आहे, चित्रात पाहिलाय मी."

"बाबा, थट्टा पुरे. काय केलंत?"

"बापलेकीतलं आहे. तू मध्ये पडू नकोस."

"मी कोण आहे मग? भाडेकरू?"

त्यावर म्हणतात, "तू चांगली कारागीर आहेस. माझे बूट तेवढे बघ. सोल कडक झालेत. आणि तिकीट काढलंय, सत्तावीस तारखेचं, रविवारी सकाळचं. परत देणार नाही."

तुझे भावजी आतून ओरडले, "जाऊ दे गं त्यांना, निम्म्यातून परत येतील." तुझ्या भावजींना निम्म्यातून परत यायची सवय आहे, प्रत्येक कामातून. बाबांना नाही. तुला ठाऊक आहे, दोन मजल्यांमध्ये अडकलेली लिफ्ट सोडून बाबा कधी जेवायला आले नाहीत.

मी बुटांना हात लावणार नाही म्हटलं. म्हणाले, "मग तसेच घालून जाईन." वर्षानुवर्षं पेटीत पडलेले बूट! वरून नवे दिसतात, आत सगळं मेलेलं असतं. चार तास चालले की सोल बिस्किटासारखा भुगा होतो. हे मी त्यांना सांगितलं. ते माझ्याकडे फार विचित्र बघत राहिले. म्हणाले, "ठाऊक आहे मला, सोल सुटला की काय होतं ते."

मला ते बघणं आवडलं नाही.

नक्की काय झालं होतं तुमच्यात, लिही. मला कोड्यात बोललेलं जमत नाही.

ताई


ता. १३ जुलै, रविवार

मी बाबांचे बूट लपवायला गेले होते. बूट नाहीत तर जाणार कसे, असा साधा हिशोब. बाबा बागेत फिरायला गेले होते. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात त्यांचे बूट होते. त्यांच्या खाली एक खोकं होतं, सुतळीने बांधलेलं.

खोक्यात उजवा बूट होता. एकच. मी केलेलं काम मी कुठेही ओळखते. तुझ्या नवऱ्याचा.

सोल चवड्यापासून टाचेपर्यंत उकललेला. जीभ बाहेर काढल्यासारखा.

बुटात पत्र होतं. पाकिटावर माझं नाव. बाबांचं नाही. माझं. धाकटे, ते सहा वर्षांपूर्वीचं पत्र मी आज पहिल्यांदा वाचलं. तू लिहिलं होतंस, "ताई, त्याला खाली आणलं तेव्हा उजव्या बुटाचा सोल असा होता. बाकी सगळं शाबूत होतं, दोर, खिळे, सगळं. तू त्याच्याबद्दल जे लिहिलंस ते मी विसरेन. मला एकच सांग. सोल चिकटवून बूट दोन रात्री दाबात ठेवले होतेस ना? तू हो म्हणालीस की मी पुन्हा कधी विचारणार नाही."

त्याच्या मागे बाबांचा कच्चा कागद. तुला माहीत आहे, ते आधी कच्चं लिहितात मग पक्कं. त्यात लिहिलंय, "बाळा, ताईला विचारू नकोस, तिचा दोष नाही. दोन रात्री ठेवायचे असं तिने बजावलं होतं. ती जेवायला गेली असताना मी यंत्र सैल करून बूट काढून घेतले. जावईबापू निघण्याच्या गडबडीत होते, मला वाटलं एका रात्रीने काय होतं. तिला वाटलं ते स्वतः येऊन घेऊन गेले. तिला यातलं काही माहीत नाही, सांगूही नकोस. जे बोलायचं ते मला बोल."

तासभर मी त्या पेटीशेजारी जमिनीवर बसले होते. दार वाजलं तेव्हा सगळं होतं तसं आत ढकललं आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आज एवढंच लिहिता येतंय. हे आज टाकत नाही. उद्याचं लिहून एकाच पाकिटात घालते.


ता. १४ जुलै, सोमवार

धाकटे,

दुकानात बसून लिहितेय. मालकांना म्हटलं, आज मी कामाला हात लावणार नाही, हवं तर खाडा धरा. त्यांनी स्टूल पुढे केलं.

आता नीट वाच. मध्ये थांबू नकोस.

बाबा खोटं बोलले. त्यांनी यंत्राला हातही लावला नव्हता. बूट मी काढले.

आमच्या दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे, तू लहानपणी इथेच अभ्यास करायचीस. सोल चिकटवला की दोन रात्री दाबाच्या यंत्रात. नाडीला चिठ्ठी बांधायची, त्यावर वार लिहायचा, आणि तो वार उजाडेपर्यंत प्रत्यक्ष देव आला तरी बूट हलवायचा नाही. मी मंगळवारी सकाळी तुझ्या नवऱ्याचे बूट दाबात घातले. चिठ्ठीवर गुरुवार लिहिला. त्याची गाडी गुरुवारी दुपारची होती. वेळ होता, धाकटे. घाई त्याला नव्हतीच.

बुधवारी एक नाच शिकवणारी बाई आली. बुटाची टाच मोडलेली, संध्याकाळी कार्यक्रम, आणि तोंडाचा पट्टा असा की विचारू नकोस. यंत्रात जागा दोनच. दुसऱ्या जागेवर मालकांचं काम होतं आणि ते आजारी म्हणून घरी. मला तिची कटकट ऐकवेना. मी यंत्र सैल केलं, तुझ्या नवऱ्याचे बूट काढले, हाताने वाकवून पाहिले. धरला होता सोल. मी म्हटलं, घरचंच माणूस आहे, राहिलेलं वाळेल आपोआप. परक्याच्या बुटांना मी असं कधी केलं नसतं. घरच्याला केलं.

बाबा तेव्हा माझा डबा घेऊन आले होते. समोर बसले होते. म्हणाले, "अगं, चिठ्ठीवर गुरुवार आहे ना?"

मी काय म्हटलं माहीत आहे? "बाबा, तुम्ही तुमच्या लिफ्टचं बघा."

चिठ्ठी मीच फाडली. संध्याकाळी बूट बाबांच्याच हातात दिले आणि म्हटलं, "झालेत, द्या जावयाला."

तो पडला ही बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार सोलचा आला. सगळ्यात पहिला. रडू यायच्याही आधी. मग मी बसून तुला ते लिहिलं, मस्ती नडली म्हणून. कोणी विचारायच्या आत दुसऱ्याच्या अंगावर ढकलून मोकळी झाले. तू गप्प बसलीस तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, सोलचं काही नसणार, असतं तर विचारलं असतं. आणि तू विचारलं होतंस गं. पाकीट दोन खोल्या पलीकडे पलंगाखाली होतं.

आज सकाळी बाबांपुढे तो बूट ठेवला. ते दाढी करत होते. आरशातून बूट पाहिला आणि वस्तरा खाली ठेवला.

"तुला सापडायला नको होता," म्हणाले.

"माझं पत्र तुम्ही का फोडलंत?"

"सगळीच फोडतो."

"मग मला वाचून का नाही दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर तू पुन्हा ब्रश हातात धरला असतास? मी त्या वर्षी निवृत्त झालो होतो. माझ्या हातांना काम नव्हतं. तुझ्या हातांवर घर चालत होतं, आणि तुला दुसरं काही येत नाही. मी विचार केला, बापाचं नाव खराब झालं तर कोणाचं अडतं?"

मी ओरडले. अर्ध्या तोंडाला साबण असलेल्या म्हाताऱ्यावर मी ओरडले. "तिने सहा वर्षं तुम्हाला तोंड दाखवलं नाही!"

"म्हणून तर चाललोय. ऑपरेशनच्या आधी एकदा माफी मागून येतो."

"कशाची माफी? तुम्ही केलंय काय?"

"तिला जे माहीत आहे त्याची."

ऐकलंस? ते तुझ्यापर्यंत चढून येणार आहेत, ती झडप घेऊन, बर्फाचा पट्टा ओलांडून, आणि न केलेल्या गुन्ह्याची माफी मागून परत उतरणार आहेत. खरं सांगायला नाही. खोटं पक्कं करायला. चाळीस वर्षं या माणसाबरोबर एका घरात राहते मी आणि मला वाटत होतं त्यांना फक्त लिफ्ट आणि शेंगा कळतात.

मी म्हटलं, मी तिला लिहिते. तर म्हणाले, "लिहू नकोस. तिचा नवरा गेला, बाप तिने टाकला. बहीण तरी राहू दे." मी म्हटलं लिहिणारच. तेव्हा काय म्हणाले ते ऐक, किती पोचलेला आहे म्हातारा. "लिही. तिला वाटेल, बापाला चढावं लागू नये म्हणून ताई आळ अंगावर घेतेय. माझ्या हातचा कागद आहे तिच्याकडे."

खरंच, तुला तसं वाटू शकतं. पहिल्या पत्रात मीच तुला झडप, जिने सगळं लिहून बसलेय. म्हणून एक काम कर. उजवा बूट तू इकडे पाठवलास, डावा तुझ्याकडे असेल. तो काढ. सोलच्या कडेवरून बोट फिरव, पूर्ण गोल. गुळगुळीत लागेल. यंत्रातून निघालेल्या सोलची कड ओबडधोबड असते, सोल्यूशनचे ओघळ असतात. तो बूट चाकावर घासून कड काढावी लागते. ते चाक पायाने चालवायचं आणि बूट दोन्ही हातांनी धरायचा, नवख्याने केलं तर कातडं फाटतं. या दुकानात ते चाक मालक चालवतात आणि मी. मालक त्या दिवशी घरी होते. बाबांनी मी नसताना चोरून बूट काढून नेले असते तर कड घासली कोणी? यंत्रातून काढून, चाकावर घासून, पुसून, मी स्वतः दिलेत ते बूट. बाबांना खोटं बोलता येतं, पण त्यांना माझा धंदा येत नाही.

तुझा नवरा नुसत्या सोलमुळेच गेला की आणखी काही झालं, ते मला ठरवता येत नाही. डोंगर तुला कळतो. मला फक्त सोल कळतो, आणि तो एका रात्रीचा होता.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. येत असती तर सहा वर्षांपूर्वीच मागितली असती. तू मला काय म्हणायचं ते म्हण. लोकांना सांग, मालकांना लिही, मी त्यांना आज सगळं सांगितलंच आहे. तुझ्या दारात उभी राहू नको म्हणालीस तर राहणार नाही.

पण बाबांबद्दलचं उत्तर मला हवं. तिकीट फाडून उपयोग नाही, ते दुसरं काढतील. बूट लपवून उपयोग नाही, ते चपला घालून निघतील. त्यांना एकच माणूस थांबवू शकतं आणि ते बत्तीसशे मीटरवर बसलंय. शेवटच्या बस थांब्यापर्यंत तू उतर. तिथे सपाट आहे, त्यांच्याच नकाशात पाहिलंय मी. रविवारी दुपारी त्यांची बस तिथे पोचते. मी बरोबर येऊ की नको, ते तू ठरव.

तुझ्याकडे माल चढवणारा पाळणा मंगळवारी आणि शुक्रवारी चालतो ना? हे पत्र तुला या शुक्रवारी मिळेल. विचार करायला मंगळवारपर्यंत वेळ आहे, आणि मंगळवारी खाली आलेलं टपाल मला शुक्रवारपर्यंत पोचतं, मी हिशोब केलाय. दोन गोष्टी लिही. कड पाहिलीस का. आणि थांब्यावर येतेस का. बाकी शिव्या असतील तर त्यानंतर लिही, जागा उरली तर.

शुक्रवार, पंचवीस जुलै. शनिवारी आलेलं उत्तर मला चालणार नाही.

ताई